मध्यंतराची चिठ्ठी

"ह्या कोच मॅडम हैत का पत्रकार? मघापासून नुसत्या लिहूनच राहिल्या."

दोरीपलीकडे शेंगदाण्याच्या पुड्या घेऊन उभ्या असलेल्या दोघांपैकी एकानं हे म्हटलं. दुसरा म्हणाला, "मुकी असंल बिचारी." दोघं हसले. ते माझ्या पाठीमागे दोन हातांवर होते. मी मान वळवली नाही, कारण मांडीवर वही ठेवून मी खरंच लिहीत होते. बुऱ्हाणपूरच्या मैदानावर आमच्या मुलींची फुटबॉलची सेमीफायनल चालू होती, पहिला हाफ संपायला चार-पाच मिनिटं होती आणि मला अजून सहा चिठ्ठ्या पुऱ्या करायच्या होत्या.

चिठ्ठ्यांचं आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरूनच झालं.

मी नेपानगरची. बाबा कागदाच्या मिलमध्ये होते, आता निवृत्त आहेत. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि घरी मराठी अशा तीन भाषांत मी वाढले, आणि तिन्हीत बोलण्याआधी मी वाक्य मनात जुळवते. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. (हा लेखही बाबांनी ऱ्हस्व-दीर्घ तपासून दिला आहे.) स्ट्रायकर होते तोवर हे खपून गेलं. स्ट्रायकरला बोलावं लागत नाही, हात वर केला की पुरतं. कोच झाले तेव्हा अडचण आली. कोच म्हणजे ओरडणारं माणूस, असं सगळे समजतात. मी एकदा ओरडून पाहिलं. आमची गोलकीपर दचकून माझ्याकडे बघायला लागली आणि तेवढ्यात गोल झाला.

मग मी चिठ्ठ्या सुरू केल्या. आमच्या बाजारात न्यूजप्रिंटच्या कच्च्या वह्या मिळतात, करड्या, जरा खरखरीत कागदाच्या. पहिल्या हाफात मी बघते आणि लिहिते. मध्यंतराच्या दहा मिनिटांत प्रत्येक मुलीच्या हातात एक कागद पडतो. "तुझ्यासमोरची दमली आहे, तिच्या उजवीकडून जा." "पास देऊन थांबू नकोस." "छान चाललंय, पाणी पी." मुली हिंदी माध्यमाच्या, म्हणून हिंदीत लिहायचं. वाचून झालं की त्या कागद मोज्यात, नडगीवरच्या शिनगार्डच्या मागे खोचतात. ही पद्धत त्यांनीच काढली. आणि एक नियम मी घातला: दुसरीची चिठ्ठी विचारायची नाही. एकीला काय चुकलं ते सांगितलं तर दहा जणींनी ऐकायची गरज नसते. लहानपणी मला सगळ्यांदेखत बोलणी बसत, तेव्हापासून ठरवलेली गोष्ट होती ती. या नियमाचा मला फार अभिमान होता.

लोकांना वाटतं स्ट्रायकर म्हणजे गोल मारणारी. खरं तर तिचं बहुतेक काम फुकट पळण्याचं असतं. चेंडू येईल म्हणून जीव तोडून धावायचं, तो येत नाही. परत यायचं, पुन्हा धावायचं. मी चेंडूकडे कमी आणि समोरच्या बॅकच्या पायांकडे जास्त बघायचे. तिचं वजन चुकीच्या पायावर गेलं की निघायचं. दुसरी कुठली हुशारी माझ्याकडे नव्हती. मला दिसायचं, एवढंच. अजूनही दिसतं. मुलगी मैदानात शिरताना तिच्या चालीवरून मला कळतं की ती उपाशी आली आहे, की तिची पाळी आहे, की घरी काही झालं आहे.

कोचिंग मात्र यातलं फारसं नाही. कोचचा दिवस नाड्या, पाण्याच्या बाटल्या, आधारकार्डाच्या झेरॉक्स आणि परवानग्या यांत जातो. गावाबाहेर सामना असला तर पहिला प्रश्न विरोधी संघाचा नसतो, मुलींना लघवीला कुठे न्यायचं हा असतो. मैदानावर लग्नाचा मांडव पडला तर चार दिवस सुट्टी. बुऱ्हाणपूरच्या एका शाळेतही मी शिकवते, तेव्हा आठवड्यातून तीनदा पॅसेंजर. चांदनी स्टेशनात गाडी उगाच उभी राहते आणि मी खिडकीशी बसून संघ जुळवते.

पालकांवर तर वेगळा अंक निघेल. एक आई म्हणाली, "मॅडम, हिला गोलकीपरच करा ना. गोलमागं लिंबाचं झाड है, ऊन नाही लागत." एका आजीचं म्हणणं होतं, खेळवा, पण घाम येऊ देऊ नका. एक वडील, बँकेतले, खास भेटायला आले. "बाकी सब ठीक है. बस हेडर मारायला लावू नका. दहावीचं वर्ष आहे." मी मान डोलावली. तिला सांगितलं, तुझ्या बाबांसमोर हेडर मारू नकोस. त्या मुलीला दहावीत चांगले मार्क मिळाले आणि वडिलांनी आभार मानले. अजूनही मानतात.

आता कविताबद्दल. नाव बदललं आहे. लिहिण्याआधी मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "लिहा की. चिठ्ठीचंही लिहा. बाबा कुठे दिवाळी अंक वाचतात? आणि वाचला तरी आता चालंल."

ती तुकईथडची. वडील शेती करतात, कापूस आणि तूर. गावात आठवीपुढची सोय तिच्या मनासारखी नव्हती म्हणून नेपानगरला मावशीकडे राहून शिकत होती. पहिल्या दिवशी मैदानावर आली ती मावशीच्या चपला घालून, आणि त्या काढून अनवाणीच खेळली. मी वहीत लिहिलं: बॅकच्या पायांकडे बघते. असं शिकवून येत नाही. तीन वर्षांत ती माझ्यापेक्षा चांगली झाली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, हे लिहिताना आठवून बघितलं. खरंच वाटलं नाही.

सेमीफायनलच्या चार दिवस आधी सरावात तिचा गुडघा मुरगळला. संध्याकाळी ती ठीक होती. दुसऱ्या दिवशी मैदानाच्या पायऱ्या ती एका अंगानं उतरली, आधी एक पाय, मग त्याच पायरीवर दुसरा. मी थांबले. तशी मी गेली आठ वर्षं उतरते.

माझं सांगते, थोडक्यात. एकोणीस वर्षांची असताना माझा गुडघा असाच सुजला. आमचे सर स्वतः जुने खेळाडू, मिलच्या संघातले. त्यांनी पाहिलं. मला पक्कं माहीत आहे, कारण त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे न बघता संघ वाचून दाखवला. त्यात माझं नाव होतं. मी घट्ट पट्टी बांधली आणि खेळले. घरी सांगितलं, घसरले. तपासणी झाली दीड वर्षानं, तोवर आतली गादी झिजली होती. माझा खेळ तिथे संपला. सर भेटत राहिले. बाबांच्या निरोपसमारंभालाही आले होते. दर वेळी विचारायचे, "गुडघा कसाय?" मी म्हणायचे, "बराय." मला वाटायचं, ते आज काहीतरी म्हणतील. ते दोन वर्षांपूर्वी गेले.

तर कविता. मी तिला बाकावर बसवलं, गुडघ्यावर बोटं दाबली. वाटीच्या बाजूला पाणी धरलं होतं.

"दुखतं?"

"कुछ नहीं मॅडम, जरासा मुडा है."

"पायरी उतरून दाखव."

तिनं उतरून दाखवली. सरळ, दोन्ही पाय टाकत. दात आवळलेले होते.

राज्याच्या क्रीडा वसतिगृहासाठी मुली बघणारे दोन जण त्या सामन्याला येणार होते. आमच्या शाळेचे खेळशिक्षक देवरे सर ही बातमी दोन आठवडे सगळ्यांना सांगत होते. सर मोठ्या आवाजाचे आणि मनाचे चांगले. टेबलावरचे कागद, खेळाडू बदलण्याची स्लिप, पंचांशी बोलणं, सगळं त्यांच्याकडे, कारण ते मला जमत नाही. त्यांनी विचारलं, "कविता फिट आहे ना?" मी मनात वाक्य जुळवलं. फिट नाही असं म्हटलं तर तिचं वसतिगृह गेलं. मी म्हणाले, "एक हाफ खेळू शकेल." मधला मार्ग काढला. पहिल्या हाफात निवडणारे बघतील, मग तिला बाहेर घेऊ, असं मी स्वतःला पटवलं. शहाणपणाचं वाटलं होतं तेव्हा.

पहिल्या हाफात तिनं गोल केला. उजवीकडून आत आली, बॅकचं वजन चुकलं, डाव्या पायानं कोपऱ्यात. शेंगदाणेवाले दोघं टाळ्या वाजवत होते. निवडणाऱ्यांपैकी एकानं तिचा नंबर लिहून घेतला, तेही मी पाहिलं. आणि गोलनंतर मैत्रिणी अंगावर आल्या तेव्हा तिनं एक पाय हवेत धरला होता, हेही पाहिलं.

मध्यंतर झालं. मी चिठ्ठ्या वाटल्या. कविताच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: "तुझं काम झालं. आता बाहेर बस, मी बर्फ आणते. मनीषा जाईल." तिनं वाचली, घडी केली, मोज्यात खोचली आणि मान हलवली.

मी बर्फ आणायला गेले. मैदानावर डॉक्टर नव्हता, बर्फही नव्हता. गेटबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. रसवाला म्हणाला, "बर्फ अकेला नहीं बेचते, रस लो." मी रस घेतला, बर्फ फोडून रुमालात बांधून घेतला आणि रस तिथेच ठेवून परतले. दुसरा हाफ सुरू झाला होता.

कविता मैदानात होती. मनीषा बाकावर, अंगात राखीव खेळाडूंचा बिब तसाच.

माझ्या डोक्यात आलं, देवरे सरांनी ठरवलं. ते वयानं मोठे, शाळेचे. निवडणारे अजून बसले होते, सरांना वाटलं असेल अजून थोडं दिसू दे. सर टेबलाशी, माझ्यापासून वीसेक पावलांवर. जाऊन विचारायला हवं होतं. मी वाक्य जुळवत होते. "सर, हिला बाहेर घ्यायचं ठरलं होतं ना?" यात तक्रार वाटते. "सर, कविता अजून..." हे अर्धवट वाटतं. रुमालातून पाणी गळून माझी सलवार भिजत होती. तिकडे कविता पळत होती, डाव्या पायावर जरा उशिरा वजन टाकत. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मला प्रत्येक वेळ दिसली.

मग ती वळली. जवळ कुणी नव्हतं, चेंडूही लांब होता. नुसती वळली आणि बसली. ओरडलीसुद्धा नाही. आवाज मला ऐकू आला असं मी अनेकांना सांगितलं आहे, पण इतक्या लांबून तो येणं शक्य नाही. मला तो माहीत होता, म्हणून ऐकू आला असेल.

दवाखान्यात देवरे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही तिला खेळू द्यायला नको होतं."

मी म्हणाले, "मी?"

"ती म्हणाली ना, मॅडमने चिठ्ठीत लिहा है, खेलना है. तुमच्या चिठ्ठ्या आम्ही कुठं विचारतो? तुमचाच नियम."

आत नर्स तिचा मोजा कापत होती. शिनगार्ड निघाला आणि मागोमाग घामानं लगदा झालेला करडा कागद खाली पडला. मी उचलला. शाई पसरली होती, तरी "बाहेर बस" वाचता येत होतं. कविता पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती.

"मॅडम, बाबांना नका सांगू," ती म्हणाली. "खोटं बोलली म्हणून घरी बसवतील."

मी कागद पर्समध्ये टाकला. देवरे सरांनाही दाखवला नाही. ते बाहेर कविताच्या मावशीला समजावत होते, "आता काय करता ताई. नशिबाचा खेळ आहे." मावशी रडत हो म्हणत होती. मलाही ते वाक्य त्या दिवशी बरं वाटलं. त्यात कुणाचंच नाव नव्हतं.

रिपोर्ट आला. गुडघ्याचा मुख्य लिगामेंट तुटला होता. डॉक्टरांनी नीट समजावलं: ऑपरेशनशिवाय चालेल, घरातलं करेल, पण खेळणं नाही, आणि कधी विहिरीवर, कधी जिन्यात पाय दगा देईल, आतलं झिजत जाईल. ऑपरेशन लवकर केलं आणि मग वर्षभर व्यायाम केला तर पुन्हा पळेल. खर्चाची व्यवस्था सरकारी योजनेतून होत होती. फक्त वडिलांची सही हवी होती, आणि वडील तिला गावी घेऊन गेले होते. तीन आठवडे झाले. देवरे सर दोनदा फोनवर बोलले. वडील दोन्ही वेळा म्हणाले, बघू.

शेवटी एका रविवारी सर आणि मी तुकईथडला गेलो. बसमध्ये मी कच्च्या वहीत लिहीत होते. वडिलांना काय सांगायचं ते सात-आठ ओळींत नीट जुळवलं. चिठ्ठीचा उल्लेख काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

अंगणात कापसाची गाठोडी होती. कविता खाटेवर, पायाखाली उशी. माझ्याकडे बघून हसली आणि लगेच खाली बघायला लागली. तिच्या आईनं चहा आणला. वडील शांत माणूस. आम्हाला खुर्च्या देऊन स्वतः ओट्यावर टेकले.

"तुम्ही एवढ्या दूर आल्या मॅडम," ते म्हणाले. "पोरीसाठी लय केलं तुम्ही. तुमच्याबद्दल मनात काहीच नाही."

देवरे सरांनी सगळं पुन्हा सांगितलं, डॉक्टर, योजना, वसतिगृहवाले पुढच्या वर्षीही येतात ते. वडील ऐकत होते.

"सर, तुम्हीच तर म्हटलं होतं मावशीले, नशिबाचा खेळ है," ते म्हणाले. "मले पटलं ते. पळणारी पोरगी, कुणाचा धक्का नाही का काही नाही, उभ्या उभ्या पडली. म्हणजे वरच्यानंच थांबवलं ना तिले. मग त्याच्या मर्जीविरुद्ध कापाकापी कशाले? चालते ना ती. पुढच्या दोन-तीन वर्षांत लग्न करू."

सरांनी कप खाली ठेवला. त्यांचंच वाक्य होतं, खोडणार कसं. कविताची आई म्हणाली, "नजर लागली माय कुणाची तरी." कविता उशीची शिवण नखानं उसवत होती.

माझ्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. वडिलांना तो दिसला. डॉक्टरांचा असेल असं वाटून त्यांनी हात पुढे केला. "द्या मॅडम, वाचतो मी."

द्यायला माझा हात निघालाही होता. तेवढ्यात कवितानं मान वर केली, मध्यंतराला करायची तशी, चिठ्ठीची वाट बघत. मी कागद मुठीत दाबला. वाक्यं त्यातच राहिली, आणि जी तोंडात आली त्यांचा क्रम मी लावला नाही.

"काका, वरच्यानं नाही थांबवलं हिला," मी म्हणाले. "थांबवायचं काम माझं होतं. गुडघा सुजलाय हे मला तीन दिवस माहीत होतं, तरी मी हिला मैदानात उतरवलं. आणि दुसऱ्या हाफात ती लंगडत पळत होती तेव्हा मी हातात बर्फ घेऊन नुसती बघत उभी राहिले. नशीब नाही, माझी चूक आहे ती. चूक आहे म्हणून दुरुस्त करता येते. हिला ऑपरेशनला घेऊन चला."